विझलेल्या ताऱ्यांचं वाक्य

दिवे लागले, माणसं आळोखेपिळोखे देत बाहेर पडली आणि घुमटाखाली दोघंच उरली. ध्वनिक्षेपकाची वायर गुंडाळणारे वाकुई आणि तीन आठवड्यांपूर्वी तारांगणात रुजू झालेली त्सुचिदा.

"वाकुईसान, ते शेवटचं वाक्य तुम्ही कुठं वाचलंत?" तिनं विचारलं.

कुठलं वाक्य, हे वाकुईंना विचारावं लागलं नाही. नगरपालिकेच्या या छोट्याशा तारांगणात गेली बावीस वर्षं ते प्रत्येक खेळाचा शेवट त्याच वाक्यानं करत आले होते. या घडीला आकाशात दिसणारे बहुतेक तारे केव्हाच विझून गेलेत, आपण पाहतो तो नुसता त्यांचा मागे राहिलेला उजेड. एवढं बोलून ते थांबत. अंधारात कुणीतरी सुस्कारा टाकी, कुणी नाक ओढी.

त्सुचिदा विद्यापीठात खगोलशास्त्रच शिकून आलेली. तिनं अदबीनं, पण सरळ सांगितलं. नुसत्या डोळ्यांना जे तारे वेगवेगळे दिसतात, ते सगळे आपल्याच आकाशगंगेतले, त्यातही शेजारपाजारचे. त्यांचा उजेड इथवर यायला फार तर काही हजार वर्षं लागतात. आणि तारा जगतो लाखो नाही तर अब्जावधी वर्षं.

"तेवढ्यात विझतंय कोण? एखाददुसरा असला तर असेल. बाकी सगळे जळतायत की."

बघतो, असं वाकुई म्हणाले. बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. ते मूळचे पाणीपुरवठा खात्यातले कारकून, बदली होऊन इथं आलेले. तारे त्यांना पुस्तकांतूनच कळले. ते वाक्य पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. पण सातव्या वर्षी त्सुचिदा सांगत होती तेच त्यांनी एका पुस्तकात वाचलं होतं. वाचलं आणि पान उलटलं. त्या सुस्काऱ्यावर पाणी सोडवेना.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या शेवटी त्यांनी नुसतं "धन्यवाद" म्हटलं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. वाकुईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी राहिली ती हलेना.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. खेळ संपल्यावर ती दारापाशी खोळंबली होती. किनुए होझुमी तिचं नाव, बंदराकडच्या वस्तीत माकुल मासळी वाळवायची. एकुलती एक मुलगी एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या आजारानं गेलेली. मुलगी लहानपणी धक्क्यावर बसून बापाच्या होडीची वाट बघायची आणि समुद्रावर सगळ्यांत आधी दिसणारा नारिंगी तारा आईला दाखवायची. मुलगी गेल्यावर नवरा-बायको उन्हाळाभर रोज तिन्हीसांजेला तो तारा बघायला जायची. तोसुद्धा मेलेलाच का, एवढंच तिला विचारायचं होतं.

तो तारा म्हणजे स्वाती. वाकुईंच्या हातात किल्ल्या होत्या, पुढच्या खेळाची शाळेची पोरं बाहेर गलका करत होती. "तीही असेल," ते म्हणाले होते. "कुणी सांगावं." पुस्तक वाचून तेव्हा चार वर्षं झाली होती. बाईनं कमरेत वाकून आभार मानले होते.

सोमवारी तारांगणाला सुट्टी असते. उडदाच्या मिठाईचा डबा घेऊन वाकुई बसनं बंदरावर गेले. विचारत विचारत घर सापडलं. किनुए अंगणात दोरीवर माकुल टांगत होती. पासष्टीची असेल. अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी ती बघत राहिली. वाकुईंनी नाव सांगितलं, दोन वाक्यं बोलले, तेव्हा तिचे हात थांबले.

"तुम्ही तारांगणातले साहेब," ती म्हणाली. "अंधारात ऐकलेला आवाज."

आत देव्हाऱ्यात दोन फोटो होते, मुलीचा आणि नवऱ्याचा. वाकुईंनी चटईवर हात टेकले, कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं. आपल्याला तेव्हाच ठाऊक होतं, हेही सांगितलं. स्वाती मेलेली नाही. म्हातारी झालीय, फुगून नारिंगी झालीय, पण जळतेय, आणि अजून कितीतरी काळ जळणार आहे. आज दिसेल तो उजेड सदतीस वर्षांपूर्वी तिथून निघालेला.

"सदतीस," ती म्हणाली. "म्हणजे मी लग्न होऊन या घरात आले ते साल."

तिनं जवाचा चहा ओतला, तो तसाच राहिला. मग ती सांगू लागली. तारांगणातल्या त्या दिवसापासून तिनं धक्क्यावर जाणं सोडलं होतं. नवरा जात राहिला. दर उन्हाळ्यात, अंधारून आलं की दारातून हाक मारायचा, दिसली गं, ये. मेलेलं काय बघायचं, असं ती आतूनच म्हणायची. इतकी ठसठशीत दिसतेय, मेलेली कशी असेल, असं तो म्हणायचा. त्यावर ती त्याला ऐकवायची, शिकलेले साहेब सांगतात, तुम्हाला माकुल सोडून काय कळतंय. सहा उन्हाळे तो एकटाच जाऊन उभा राहिला. सातवा त्यानं पाहिलाच नाही.

"माझ्यामुळे..." वाकुई म्हणाले.

"तुम्ही एकदाच बोललात, साहेब," किनुए म्हणाली. "मी सहा वर्षं बोलले."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि हे त्यांचं मन राखायलाही ती म्हणत नव्हती. तिनं मिठाईचा डबा दोन्ही हातांनी घेतला. साडेचारची बस गाठा, नंतर सहापर्यंत नाही, असं तिनं सांगितलं. पुन्हा यायची तसदी घेऊ नका, असंही सांगितलं. पोचवायला ती दारापर्यंत आली नाही.

वाकुई बाहेर पायरीवर टेकले आणि बूट चढवू लागले. आत देव्हाऱ्यातली घंटी एकदा वाजली. उदबत्तीचा वास आला.

"अहो," ती नवऱ्याला सांगत होती, रोजच्या आवाजात. "ऐकलंत ना? तुमचंच खरं होतं."

बुटाची नाडी बांधायला वाकुईंना फार वेळ लागला.