भोपळ्यांचा तराफा

मंगळवारी सकाळी साडेनऊला तराफा प्रदर्शनाला न्यायला टेम्पोत चढला. काठावर उभा असलेला देवमन आजा एवढंच म्हणाला, "दोर लय आवळू नका रे. भोपळे तडकतीन."

धरण भरलं की त्यांची वस्ती बेट होते, ती पार हिवाळा सरेपर्यंत. मोठी माणसं कपडे डोक्यावर बांधून पोहत कामाला जातात. मासे धरणाऱ्या ठेकेदाराची होडी आहे, पण ती माणसं घेत नाही. दप्तर घेऊन पोहता येत नाही, म्हणून शाळेच्या 'वारसा आणि विज्ञान' उपक्रमात त्याच्या नातीने, वैजयंतीने, आज्याचीच विद्या निवडली. पोरांना पोहायला शिकवताना देवमन त्यांच्या कमरेला वाळका भोपळा बांधायचा. तसे भोपळे वस्तीतल्या घराघरांतून गोळा झाले, बांबूंच्या चौकटीखाली बांधले गेले. विटा रचून भार तपासला. जुलैपासून वैजयंती त्यावरूनच दहावीच्या वर्गात जात होती.

वाशीमच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. पेढे वाटले गेले. तराफा परत आला नाही.

"राज्यासाठी निवड झाली. आयोजक आता सोडत नाहीत," उपक्रम पाहणाऱ्या सतीश सरांनी वैजयंतीला फोनवर सांगितलं.

"मंग आमी शाळेत यावं कसं, सर?"

"अजून एक बनवा की."

आज्याला हसू आलं. "भोपळे वेलावर हिरवे हायेत. वाळतीन ते दिवाळीच्या बाद. तुया सराचा पेढा चारून वाळवू काय?"

राज्याच्या प्रदर्शनात तराफा चालवून दाखवायला एक विद्यार्थी हवा होता. त्याला हजेरीची अट होती आणि वैजयंतीची हजेरी तुटली होती. नाव तिच्या वर्गातल्या धीरजचं गेलं. तो शाळेसमोरच राहतो, पाण्यात कधी उतरलेला नाही.

"तू काहून येऊन नाही राह्यली, हे कोनी इचारलं नाही?" आईने, भागिरथाने, विचारलं.

"इचारलं ना. तराफा वल्हवाचा कसा, हे इचारलं धीरजनं."

"सांगतलं?"

"पहिले पोहनं शिक म्हटलं."

शनिवारी तराफा नवा रंग लावून नागपूरला रवाना झाला. सोमवारी सहामाही सुरू झाली. पहिला पेपर विज्ञानाचा, अकराचा. त्या दिवसापुरती होडी देतो, असं ठेकेदार म्हणाला होता. वैजयंती दप्तर घेऊन काठावर उभी होती. अकरा वाजेपर्यंत होडी आलेली नव्हती.