इरम्माच्या मांडीतली परांची

मित्रांनो, मी एक परांची आहे; पण बांबूंची नव्हे. भिंत बांधताना गवंडी जिच्यावर उभे राहतात, तिच्यावरून शास्त्रज्ञांनी माझ्या जातीला नाव दिलं: परांची-प्रथिन. मुरुम गावच्या इरम्माच्या डाव्या मांडीत, स्नायूच्या एका कोवळ्या पेशीत माझं घर आहे. आम्हा प्रथिनांचं आयुष्य थोडं. एक मोडली की पेशी त्याच जुन्या आराखड्यावरून दुसरी घडवते. म्हणून मी 'मी' म्हणते, तेव्हा माझ्या आधीच्या साऱ्या जणी त्यात आल्या. इरम्मा आईच्या पोटात होती, तेव्हा तिचे स्नायू घडवायलाही आम्हीच होतो.

मी स्वतः काही बांधत नाही. निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांना मी शेजारी शेजारी धरून ठेवते. बाहेरून हाक आली की पहिलं दुसऱ्याला चेतवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि निरोप पेशीच्या केंद्रकात पोचतो: आता विभागणं पुरे, स्नायू व्हा! मग कोवळ्या पेशी एकमेकींना बिलगतात, एकजीव होतात आणि त्यांतून नवा धागा वळला जातो. मी नसले, तर निरोप वाटेतच विरेल.

या मांडीच्या जोरावर इरम्माने पन्नास वर्षं ज्वारी काढली, भरल्या घागरी उचलल्या. गाव तिच्या चालीचं कौतुक करी. आमचं नाव कुणी घेतलं नाही. पण प्रत्येक पावलाला मी मनात म्हणायची, यात माझाही हात आहे.

यंदा गौरीच्या दिवसांत ती ओट्यावरून घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर आलं. दिवाळीआधी ते निघालं, तेव्हा हाड जुळलं होतं, पण मांडी वाळल्या दोडक्यासारखी झाली होती. स्नायूच्या कडेला आमच्या राखीव पेशी झोपून होत्या. स्नायूला ताण बसला, की त्या जागतात. पण ताण बसणार कसा? सून शिवगंगा सासूला जागचं हलू देईना.

"अव्वा, उठू नका तुम्ही. तांब्या म्या आणते."

"व्हय, अन् येळामावसेला रानात माझ्या पायानं बी तूच जा!"

इरम्माचा जीव त्याच दिवसात अडकला होता. येळामावसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, रानात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभारतात, पूजा करतात. मग ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील शिंपडत कोपीभोवती पाच फेऱ्या. आणि या घरात पहिलं पाऊल थोरल्या बाईचं. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला असंच चालताना पाहिलं होतं, आणि सासूमागे ती स्वतः चालत आली होती.

मुलगा अमरनाथ म्हणाला, "अव्वा, खुर्चीत बसवून फिरवतो की तुम्हाला."

"म्या काय जत्रंतला देव हाय का रे, उचलून फिरवायला?"

तेवढ्यात सोलापूरला फिजिओथेरपी शिकणारी नात शिवप्रिया दिवाळीच्या सुट्टीला आली. तिने आजीची मांडी दाबून पाहिली आणि आईकडे वळली.

"आई, तू लई जपतीस, म्हणून ही वाळली. मांडीला काम न्हाय सांगितलं, तर ती कशाला जागी व्हईल? अव्वा, उठा. हात न टेकता."

इरम्मा खुर्चीतून उठू-बसू लागली. मोजणी माहेरच्या कन्नडमध्ये: "ओंदु, एरडु, मूरु..." तिसऱ्याला पाय थरथरला. "पोरगी न्हाय, फौजदार हाय!" ती कुरकुरली, पण चौथ्यांदा उठलीच.

आणि आत हाक आली! राखीव पेशी जागल्या. त्या वाढल्या, शेजारणींना भिडल्या. मी माझ्या निरोप्यांना घट्ट धरलं आणि निरोप पोचवला. सात आठवडे हेच चाललं. मी मोडत होते, पुन्हा घडत होते. म्हातारी मांडी सावकाश शिकते, पण शिकते.

येळामावसेला रानात इरम्माने आंबिलीचा तांब्या हाती घेतला. चार फेऱ्या झाल्या. पाचवीत ढेकूळ पायाखाली आलं आणि ती डगमगली. अमरनाथचा हात पुढे आला.

"सोड," ती म्हणाली, "माझी फेरी हाय."

मांडी ताठ झाली. आमचे नवे धागे आवळले गेले, आणि इरम्माने फेरी पुरी केली. तांब्याही हातातून निसटला नाही.

मित्रांनो, घर उभं राहिलं की परांची सोडतात. माझेही तुकडे होतील, पेशी ते दुसऱ्या कामाला वापरील. त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागते: आपल्या माणसांना जपा, पण मायेपोटी त्यांच्या पायांचं काम काढून घेऊ नका.

आज सकाळी इरम्माला तहान लागली. शिवगंगा सवयीने उठली, आणि थांबली. इरम्मा स्वतः माठापर्यंत गेली, तांब्या भरला आणि एक भांडं सुनेलाही दिलं.