तीन नंबरची फेरचाचणी

तिने तीन नंबरच्या डब्याची केबल पिळून घट्ट केली आणि पडद्याकडे पाहिलं. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा पुन्हा चौकोन-चौकोन होऊन विस्कटला. शेजारून मोबाइलचा जोरदार सिग्नल सोडला की हा डबा मान टाकत होता. बाकीचे चार कालच पास झाले होते.

पाच कंपन्यांचे सेटटॉप बॉक्स चाचणीला आले होते, त्यांतला एक तिच्या दादाचा. हे तिने पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सांगून टाकलं होतं. बाईंनी पाचही बॉक्स एकसारख्या काळ्या खोक्यांत घातले, वर नुसते आकडे चिकटवले आणि चाचणीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. तीन नंबर शेवटी आला.

पण मन कुठे आकड्यांचं ऐकतं? दादाने तीन वर्षं रक्ताचं पाणी करून तो डबा उभा केला होता. इथे नापास म्हणजे त्याच्या वर्कशॉपला कुलूप. आणि ऐनवेळी माती खायची दादाची सवय तिला लहानपणापासून ठाऊक. तीन नंबर त्याचाच, अशी तिने खूणगाठच बांधली.

ती उठली आणि केबल हाताने चाचपत मागे गेली. मोबाइलचा सिग्नल अडवून टीव्हीचा तेवढा आत सोडणारा, बोटाएवढा फिल्टर तिथे असायला हवा होता. नव्हता. काल संध्याकाळी शेजारच्या टेबलाला तिनेच तो काढून दिला होता आणि साफ विसरली होती.

ती तडक बाईंकडे गेली.

"बाई, चूक माझी आहे. तीन नंबरला फिल्टरच नव्हता. पाचही परत घ्यावे लागतील."

"पाचही कशाला? तीनच घे."

"मग एकालाच दुसरी संधी दिल्यासारखं होईल. सगळे एकाच दिवशी घेते, फिल्टर लावून आणि काढूनही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तीन नंबर तुझ्या भावाचा वाटतोय ना तुला?"

"हो," ती खाली बघत म्हणाली.

"बरं. घे पाचही."

फिल्टर लावून पाचही पास झाले. काढल्यावर पाचही कोलमडले, तीन नंबर सगळ्यांत शेवटी. निकालावर सही करून बाईंनी खोकी उघडली. तीन नंबर कुठल्याशा अनोळखी कंपनीचा निघाला. दादाचा होता पाच.

तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने लगेच फोन लावला.

"दादा, पास झालास रे!"

पलीकडून तो वहिनीला ओरडून सांगत असताना ती हसत होती, रडतही होती.

फोन ठेवून ती फायलींच्या कपाटाकडे गेली. तिने गेल्या महिन्याची फाइल काढली. त्यात एक डबा नापास होता, अगदी असाच विस्कटून. त्याची केबल चाचपायला ती जागची उठलीही नव्हती.

"बाई, मागच्या महिन्यातला तो डबा अजून गोदामात असेल का?"

"असेल. तो कोणाचा होता?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि गोदामाची किल्ली मागायला हात पुढे केला.