खोली कलली तेव्हा

मी एक जुनी, काळीभोर आणि अंगाने चांगली भरलेली अलमारी आहे, मित्रांनो. हसू नका. मला घडवणाऱ्या सुताराने लाकडात जराही काटकसर केली नाही. रंधा मारून झाल्यावर तो माझ्या दारावरून तळहात फिरवायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "झकास." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

तिथून मी गेले एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे आत्याच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आत्यांच्या दुकानात माझा थाट होता. शिवून झालेले कोट माझ्या पोटात लटकायचे आणि गिऱ्हाइकं माझ्या दारावरच्या आरशात वळून वळून स्वतःला बघायची. मग ती इमारत पाडायची ठरली. दुकान गेलं, वर राहायची खोलीही गेली. आत्या आपल्या थोरल्या भावाकडे राहायला आल्या. सोबत एक मशीन, एक बॅग आणि मी.

भाऊ वजनकाटे दुरुस्त करतात. गल्लीत त्यांना काटेवाले म्हणतात. आतल्या दारातून मी काही केल्या जाईना, तेव्हा मला बाहेरच्या खोलीतच डाव्या कोपऱ्यात उभं केलं.

ती खोली वहिनींनी किती हौसेने लावली होती! फिकट भिंती, बारीक पायांच्या खुर्च्या, मधोमध खिडकी. आणि त्यात मी. दारातून येणाऱ्याची नजर थेट माझ्यावर आदळायची आणि तिथेच रुतून बसायची. शेजारीण तर उंबऱ्यातच थबकली. म्हणाली, "अगं बाई, खोली एका अंगाला कललीय की. नावेत सगळे एकाच बाजूला बसल्यासारखी."

वहिनी वाईट नव्हत्या. त्यांनी चार दिवस कळ काढली. मग म्हणाल्या, "वन्सं, राग मानू नका, पण हिच्यामुळे मला माझ्याच घरात गुदमरायला होतं. रविवारी जुन्या सामानवाल्याला बोलावू का?"

"बोलवा की," आत्या म्हणाल्या आणि माझं दार उघडून कपडे बाहेर काढायला लागल्या.

काटेवाल्यांची मुलगी, म्हणजे आत्यांची भाची, घड्या घालायला बसली. तिचं नाव घरात भिंगरी, कारण ती एका जागी टिकतच नाही. आत्या तिला हळूच म्हणाल्या, "माझे कपडे अलमारीत आहेत तोवर मी इथे राहते गं. बॅगेत गेले की पाहुणी."

काटेवाल्यांनी ते ऐकलं. ते घसा खाकरून म्हणाले, "थांबा. तोल सांभाळणं हा माझा धंदा आहे."

मित्रांनो, त्यांनी काय करावं? दुकानातला मोठा काटा आणला, चार माणसं लावून मला त्यावर चढवलं आणि माझं वजन केलं. या वयात! मग तेवढ्याच वजनाची लोखंडी मापं पोत्यात भरून समोरच्या कोपऱ्यात ठेवली.

"आता बरोबर. ग्रॅमचा फरक नाही," ते म्हणाले.

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पोत्याकडे. "ते माझ्या डोळ्यांना समजावून सांगा."

मग काटेवाल्यांनी पोतं हटवलं आणि माझ्याच उंचीचं एक लोखंडी कपाट तिथे आणून उभं केलं. खोलीचं बोळकांडं झालं.

"छान," वहिनी म्हणाल्या. "आता दोन्हीकडून गुदमरेन."

काटेवाले डोकं खाजवत खाली बसले. रविवार उजाडला होता, सामानवाला येणार होता. तेव्हा आत्या उठल्या. कोट बेतताना उभ्या राहायच्या तशा दारात उभ्या राहिल्या आणि डोळे अर्धे मिटून खोलीकडे बघत राहिल्या.

"दादा, कोटाच्या एका बाजूला मोठा खिसा आला, की दुसरीकडे तसलाच खिसा लावावा लागतो असं नाही. लांबवर एक चमकदार बटण पुरतं. ते कपाट काढ बघू."

कपाट गेलं. मला ढकलत खिडकीच्या जवळ आणलं. आत्यांनी बॅगेतून पिवळ्याधमक कापडाचा एक तुकडा काढला. हातभर असेल. "भिंगरी, हे खिडकीच्या उजवीकडे भिंतीवर धर. पुढे सरक. अजून पुढे."

कापड माझ्याजवळ होतं तोवर काहीच घडलं नाही. ते पुढे पुढे गेलं. आणि अगदी टोकाच्या कोपऱ्यात पोचलं तेव्हा, मित्रांनो, खोली सरळ झाली. दारातून आलेली नजर माझ्याकडे यायची, तिथून खिडकीतल्या उजेडाकडे जायची आणि त्या पिवळ्या ठिपक्यावर जाऊन निवांत टेकायची. फुंकर मारली तर उडेल असं ते कापड, आणि त्याने मला, चार माणसांना घाम फोडणारीला, अलगद तोलून धरलं होतं. माझ्या आरशात मला सगळी खोली दिसत होती, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच मी तिच्यात शोभत होते.

"अरे, हा तर दांडीचा काटा," काटेवाले पुटपुटले. "जड माल दांडी टांगायच्या हुकाजवळ आणि एवढंसं वजन लांब टोकाला. आयुष्य गेलं त्यात, आणि घरात सुचलं नाही."

वहिनी एक खुर्ची ओढून बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूच्या घड्यांकडे हात करत म्हणाल्या, "वन्सं, हे आत ठेवा ना. बाहेर चुरगळतील." आणि सामानवाल्याला दारातूनच परत पाठवायला स्वतः उठल्या.

म्हणून सांगते मित्रांनो, घर लावताना आधी दारात उभे राहा, डोळे अर्धे मिटा आणि आपली नजर कुठे अडते ते बघा. आमच्यासारख्या बोजड, जुन्या वस्तू खुपल्या तर लगेच घालवू नका. आम्हाला घराबाहेर काढायला चार माणसं लागतात. सांभाळून घ्यायला हातभर कापड पुरतं.