ओहायोचा चिखल

पाय धुवायच्या रविवारी डोंगरातल्या सगळ्या बाया घरूनच पाय घासून येत. प्रार्थनाघरात एकमेकींचे पाय धुवायचे हे खरं, पण मळके पाय दाखवणार कोण? धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे आणि गळ्यात पडून रडायचं, अशी रीत. लबाडी म्हणा हवं तर, पण ती सगळ्यांची मिळून होती.

त्या रविवारी ऑर्फा तेवढी न धुता आली.

सकाळी धुक्यातून ती बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीकडे गेली होती. धुकं इतकं दाट, की आपलेच पाय दुसऱ्या कुणाचे वाटावेत. खाणीच्या तोंडाशी साचलेल्या काळ्या पाण्यात उभं राहून तिनं पाखराची शीळ घातली, तसा आतून तिचा धाकटा भाऊ लोन्झो बाहेर आला. मक्याचा पाव आणि उकडलेला घेवडा त्यानं उभ्या उभ्याच खाल्ला.

"हायरमकाका स्वप्नात येतात," तो म्हणाला. "बोलत काही नाहीत. नुसते मुळं निवडत बसतात."

"खा तू," ऑर्फा म्हणाली. तिथून तिचा पाय निघेना, आणि मग घरी जाऊन पाय धुवायला वेळच उरला नाही.

हायरमकाकांना लोन्झोनंच मारलं होतं. गेला होता चोरी करायला. काकांनी रानात वर्षानुवर्षं जपलेली जिनसेंगची मुळं होती. औषधवाले व्यापारी ती म्हणाल तो भाव देऊन नेत. लोन्झोचं लाकूडतोडीचं काम सुटलेलं, घरात पिठाचा डबा वाजायला लागलेला. तिन्हीसांजेला काका बंदूक घेऊन समोर आले, झटापट झाली, एक बार उडाला. आणि काका काही परके नव्हते. आईच्या माघारी ज्या डेल्फीमावशीनं या दोघांना वाढवलं, तिचा नवरा.

"लोन्झो ओहायोला गेलाय, कारखान्यात," ऑर्फानं शेरीफला सांगितलं. काकांना पुरलं तेव्हा कबरीपाशी मावशीलाही तेच सांगितलं. या डोंगरातली अर्धी पोरं ओहायोनं गिळलेली, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. रक्ताच्या माणसाला धरून द्यायचं नाही, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. पण मावशीही रक्ताचीच होती, आणि इथं ऑर्फाची झोप उडायची.

प्रार्थनाघरात पाद्री गाण्याची एकेक ओळ सांगत होता आणि लोक ती मागून लांबवत नेत होते, पेंगुळल्यासारखे. ऑर्फाही त्या सुरात तरंगत होती. तेवढ्यात कमरेला पंचा बांधून, घमेलं घेऊन डेल्फीमावशी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मावशी, आज दुसऱ्या कुणाचे धू."

"का? लहानपणी तुझे पाय कोण धूत होतं? काढ मोजे."

पाय पाण्यात गेले आणि पाणी काळं झालं. मावशी बघतच राहिली. काका त्या खाणीत कामाला होते तेव्हा रोज संध्याकाळी तिच्या टबात हेच पाणी असायचं. खाण बंद झाल्यावर तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

"ओहायोत असा चिखल असतो का गं?" तिनं विचारलं, अगदी हळू.

ऑर्फाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आजूबाजूला सगळ्याच रडत होत्या, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही.

"चोरानं खड्ड्याखड्ड्यात लाल बिया परत दाबल्या होत्या," मावशी बोटांमधला चिखल काढत म्हणाली. "शेरीफ म्हणाला, चोर येडा दिसतोय. मला वाटलं, मूळ काढलं की त्याच्या बिया तिथंच पुरायच्या, हे ह्यांनीच शिकवलेलं कुणीतरी असणार. पुढचा विचार मी केलाच नाही."

"मावशी, झटापटीत बंदूक..."

"ते तू नको सांगूस. त्याला सांगू दे."

तिनं पाय पुसले, काळं पाणी बाहेर ओतून आली आणि नवं पाणी ठेवून बाकावर बसली. आता ऑर्फा खाली बसली. मावशीचे पाय स्वच्छ होते, साबणाचा वास येत होता. ते हातात धरताना ऑर्फाला इतकी लाज वाटली, की मान वर होईना.

रीतीप्रमाणे दोघी गळ्यात पडल्या. मावशी कानाशी म्हणाली, "आज त्याला घरी घेऊन ये. पोटभर जेवू दे. मग शेरीफला मीच बोलावते."

"आणि नाही आणलं तर?"

"तर मीही म्हणेन, तो ओहायोला आहे. मरेपर्यंत दोघी तेच म्हणू."

दुपारी धुकं निवळलं. मोजे खिशात घालून ऑर्फा अनवाणीच वर गेली. खाणीशी आल्यावर सवयीनं शिळेसाठी ओठ गोळा झाले, पण शीळ न घालता तिनं भावाला मोठ्यांदा नावानं हाक मारली. डोंगरभर ऐकू जाईल अशी.

तो घाबराघुबरा बाहेर आला. "ताई, येड लागलं का तुला?"

"चल खाली. मावशीनं जेवायला बोलावलंय."

"तिला कळलं?"

"कळलं."

"मग जेवायला कशाला?"

"आधी जेवायचं," ऑर्फा म्हणाली. तिनं त्याचा हात धरला, लहानपणी मावशीकडे जेवायला नेताना धरायची तसा, आणि दोघं उतरू लागली.