बांधापलीकडचं खत

बांधाच्या अलीकडे आमचा अर्धा एकर आणि पलीकडे खंडाने घेतलेले दोन एकर. त्या दोन एकरांच्या मालकीणकाकू शहरात शिवणकाम करतात. खंडाचा कागद एका वर्षाचा, दर वर्षी नवा. म्हणून आमचे हे सगळं शेणखत अलीकडेच घालायचे. "पुढच्या वर्षी पलीकडे कोण असेल, कुणाला ठाऊक?" ह्यांचं म्हणणं मला पटायचं, पण तिकडची माती बघून जीव तुटायचा. घर तर तिच्यावरच चालायचं.

यंदा धाकट्या दिरांनी ट्रॉलीभर खत चुकून पलीकडे ओतलं आणि चहा पिऊन निघूनही गेले. ह्यांनी कपाळावर हात मारला आणि घमेल्याने खत परत अलीकडे आणायला सुरुवात केली. मी पोटभर हसले. मग दुसरं घमेलं माझ्या हातात आलं.

तेवढ्यात काकू बांधावर हजर. गिरणीवाल्याने त्यांच्याकडे जमीन मागितल्याचं आमच्या कानावर होतं. ती गेली तर अर्ध्या एकरात पाच पोटं कशी भरायची?

"माझ्या जमिनीतून काय नेताय?"

ह्यांनी घमेलं खाली ठेवलं. थाप मारणं ह्यांना जमत नाही, हा माझा लग्नापासूनचा अनुभव. मीच म्हणाले, "आमचंच खत आहे, काकू. चुकून तुमच्याकडे पडलं."

"मग राहू दे की."

"त्याचा गुण पुरता यायला तीन वर्षं लागतात. कागद एका वर्षाचा."

काकूंनी दोन्हीकडची माती उचलली आणि कापड पारखावं तशी बोटांत चोळली. "ही मऊ, ही खरखरीत. मध्ये बांध तर एवढासा."

"पलीकडची मीच अशी केली," हे म्हणाले. आता जमीन गेली, असं मला वाटलं.

काकूंनी खरखरीत माती पुन्हा एकदा बोटांत चोळली. "दर वर्षी कागद केला की माणूस धाकात राहतो, असं मला वाटायचं."

"माणूस राहतो," मी म्हणाले. "माती नाही राहत."

काकूंनी हात झटकले. "गिरणीवाल्याला नाही म्हणून सांगते. या आठवड्यात या, दहा वर्षांचा कागद करू."

मला हसू आलं आणि रडूही. अलीकडे आणलेली सतरा घमेली हे एकट्याने पुन्हा पलीकडे घेऊन गेले. अठरावंही गेलं. ते मी परसातल्या वांग्यांसाठी गोठ्यामागे राखून ठेवलं होतं. मला दिसलं, पण मी वांग्यांना नुसतं पाणी घातलं.