लांबून दिसणारं जॅकेट

आत्मारामांनी डाव्या हाताने हॉलचे पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, "पराग, आता तिथून मोबाइलची बॅटरी मार."

परागने मारली. शोकेसच्या दाराला हँगरवर टांगलेलं नारिंगी जॅकेट एकदम पेटून उठलं. त्याच्या छातीवरच्या दोन चंदेरी पट्ट्या अशा चमकल्या, की आतला चांदीचा गणपती फिका पडला. खाली सायकलचा मागचा लाल दिवा मांडून ठेवलेला होता. तोही इमानेइतबारे लुकलुकत होता.

"दिसतंय का?"

"बाबा, हॉल बारा फुटांचा आहे."

"दिसतंय का, एवढंच सांग."

"दिसतंय."

"मग झालं."

झालं काहीच नव्हतं. आत्मारामांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि खाली पार्किंगमध्ये खांबाला टेकवलेली सायकल येत्या रविवारी वॉचमनला देऊन टाकायची, असं त्यांच्या पत्नीने, मृणालिनीबाईंनी, ठरवून टाकलं होतं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून आत्माराम रोज सकाळी साडेसहाला सिल्व्हर पार्कहून सायकल काढत. उत्तनच्या रस्त्याला लागायचं, चौक गावापर्यंत जायचं, समुद्र जागेवर आहे याची खात्री करायची आणि परत यायचं. या तीन तासांत त्यांना कोणी "अहो, जरा गॅस बंद करा" म्हणत नसे. बाकीच्या एकवीस तासांत म्हणत. सायकल गेली तर तेवढेच उरणार होते.

सायकल सुरू केली तेव्हाच परागने अट घातली होती. जॅकेट आणि दिवे, नाहीतर सायकल बंद. ऑर्डरही त्यानेच केली, सगळ्यात भडक रंग निवडून. आत्मारामांनी ती अट सरकारी नोकराच्या निष्ठेने पाळली. चाकात हवा भरायला खाली उतरले, तरी जॅकेट घालून उतरत.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, डिसेंबरातल्या एका सकाळी, पुरतं उजाडायच्या आधी, सिग्नलच्या अलीकडे मागून आलेल्या एका पांढऱ्या गाडीने त्यांना आडवं केलं. गाडी परकी नव्हती. त्यांच्याच कॉम्प्लेक्समधल्या, सी विंगच्या अभिनवची होती. तो जिमला चालला होता. पोलीस चौकीत त्याने सांगितलं, दिसले नाहीत. हवालदाराने लिहून घेतलं, 'सायकलस्वार दिसून आला नाही.'

या एका ओळीने घरातला निकाल लागला. परागचं म्हणणं, एवढं सगळं घालूनही दिसत नसाल, तर घालून उपयोग काय आणि चालवून उपयोग काय. मृणालिनीबाईंचं म्हणणं तेच होतं, फक्त पहिल्यापासून होतं.

आत्मारामांना हाताचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. हात जुळतो. पण पाच फूट नऊ इंचांचा माणूस, तोही नारिंगी, तोही पाठीमागे दिवा लावलेला, दिसून येत नाही म्हणजे काय? आज संध्याकाळी अभिनव भेटायला येणार होता. त्याच्या तोंडून खरं काय ते वदवून घ्यायचं आणि सायकल वाचवायची, यासाठी हे प्रदर्शन होतं.

त्या दिवशी त्यांना उचलून दुभाजकावर बसवलं होतं ते नाथाने. नाथा पालिकेच्या ठेक्यावर तो रस्ता झाडतो. त्याच्या अंगावरही नारिंगी जॅकेट होतं, जरा विटलेलं. आत्माराम मोडका हात पोटाशी धरून एकच धोशा लावून बसले होते, दिवा चालू होता हो माझा, बघा, अजून चालू आहे. नाथाने सायकल उभी केली, वाकडं झालेलं हँडल सरळ केलं आणि शांतपणे म्हणाला,

"काका, तुम्ही गाडीला पाठ देऊन चालता. आम्ही तोंड करून झाडतो. गाडी आली की आपणच बाजूला व्हायचं."

"मग हे जॅकेट कशाला घालता?"

"ते मुकादमासाठी. लांबूनच माणसं मोजता येतात त्याला, बाइकवरून उतरायला नको."

मग रिक्षा मिळेपर्यंत त्याने राघोचं सांगितलं. राघो त्याच्या जोडीला असायचा. गेल्या वर्षी टेम्पोने उडवला, जॅकेटसकट. राघो गेला. जॅकेट फारसं फाटलं नव्हतं, ते धुऊन त्याच्या जागेवर आलेल्याला दिलं.

घरी आल्यावर आत्मारामांनी मुकादमाचा भाग गंमत म्हणून सगळ्यांना सांगितला. राघोचा सांगितला नाही. मृणालिनीबाईंच्या बाजूला आयतं एक मत पडलं असतं.

अभिनव सहाला आला. हातात फळांची टोपली होती, वरून चकचकीत कागद लावलेली, आतली निम्मी फळं घरात कोणाला ओळखू न येणारी. तो सोफ्याच्या कडेवर बसला. समोर टांगलेलं जॅकेट त्याने पाहिलं आणि मान खाली घातली. हात कसा आहे, प्लास्टर कधी निघणार, डॉक्टर कुठले, हे सगळं विचारून झालं. मृणालिनीबाईंनी चहा दिला, पण बिस्किटं आणली नाहीत.

"अभिनव," आत्माराम ऑफिसातला जुना आवाज काढून म्हणाले, "कंप्लेंटबिंप्लेंट काही करायची नाहीये मला. फक्त खरं सांग. मी तुला दिसलो नव्हतो?"

अभिनवने कप बशीत ठेवला. कपाचा कान एकदा डावीकडे फिरवला, एकदा उजवीकडे.

"काका, तेव्हा मी घाबरून बोललो. दिसत होतं. सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून दिसत होतं. लाइटपण दिसत होती."

आत्मारामांनी परागकडे पाहिलं, मग मृणालिनीबाईंकडे. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते पाठ टेकून बसले.

"मग?"

"मला वाटलं, झाडूवाला आहे. ते होतात बाजूला." त्याचे डोळे भरून आले होते. "तुम्ही आहात हे कळलं असतं, तर मी ब्रेकच मारला असता ना, काका."

बोलला अगदी मनापासून. आत्मारामांच्या तोंडाशी एक प्रश्न आला. त्यांनी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात मृणालिनीबाईंनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे तुझी तरी काय चूक म्हणा," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, या जॅकेटात हे भलतेच कोणीतरी दिसतात."

हॉलमधली हवाच बदलली. ऑर्डर करताना आपणच नीट बघायला हवं होतं, असं पराग म्हणाला. नाही नाही, चूक माझीच, असं अभिनव म्हणाला, पण आता ते शिष्टाचाराचं होतं. चहा पुन्हा टाकला गेला, या वेळी चकल्याही आल्या. चकली सुरेख होती. आत्मारामांच्या तोंडाशी आलेला प्रश्न तिच्याबरोबर खाली गेला. निघताना अभिनव वाकून पाया पडला. मृणालिनीबाईंनी त्याला लिफ्टपर्यंत सोडलं आणि परत येता येता म्हणाल्या, की वॉचमनला काही अजून बोललेले नाही, राहू दे सायकल.

आत्माराम जिंकले होते.

पराग मोबाइल घेऊन त्यांच्याशेजारी बसला. एकामागून एक जॅकेटं सरकू लागली. पिवळं आलं. ते कचऱ्याच्या गाडीवर असतं, म्हणून नको. पोपटी आलं. ते ट्रॅफिक वॉर्डनचं. लाल आलं, पट्ट्यांचं. ते पार्सलवाले घालतात. मृणालिनीबाई सोफ्यामागे उभ्या राहून मान हलवत होत्या. मग एक आलं, अंगासरसं, ताठ कॉलरचं, छातीवर कुठल्याशा परदेशी कंपनीची बारीक अक्षरं.

"हे बघू," आत्माराम म्हणाले.

"हे काळं आहे, बाबा. पट्टीसुद्धा नाहीये. साडेसहाला तर अंधारच असतो."

आत्मारामांनी चष्मा पुसायला सांगितला, तो डोळ्यांवर चढवून घेतला आणि पडद्यावरचं चित्र मोठं करायला लावलं. ते घालून उभा असलेला गोरा म्हातारा त्यांनी बराच वेळ निरखला.

"हेच मागव," ते म्हणाले. "यात मी कोण आहे ते कळतं."